अजून पोचली नाही

मुळशीच्या त्या हॉटेलात संध्याकाळचे सहा वाजायचे ते पुण्याची गाडी आल्यावर. गाडी वेळेवर आली तर वेळेवर वाजत, पाऊण तास उशिरा आली तर पाऊण तास उशिरा. साडेपाच झाले की मॅनेजर दिवाणखान्यातल्या उंच घड्याळाचं दार उघडत, लंबक बोटानं धरून थांबवत आणि धोतरावर काळा कोट चढवून फाट्याकडे चालू लागत. परत आले की काटे सहावर आणून लंबकाला हलकेच टिचकी मारत. मी गणित शिकवणारी बाई. असला कारभार बघून माझं डोकं फिरायला वेळ लागला नाही.

"अहो, सगळ्या जगाचे साडेसहा झाले आणि तुमचे अजून साडेपाचच?" असं मी पहिल्याच दिवशी त्यांना सुनावलं.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, जी यायची ती आल्याबिगर सांज कशी व्हनार?"

त्यांना सगळे मॅनेजरच म्हणत. नाव होतं, मला नंतर कळलंही, पण ते इथं लिहावंसं वाटत नाही. वय साठीच्या घरात, अंग काटकुळं, डोळे सदा तुमच्या खांद्यावरून मागं बघणारे. त्यांच्याशी बोलताना आपल्या पाठीमागं कुणीतरी येऊन उभं आहे असं वाटायचं. मी दोन-तीनदा वळून पाहिलं, आणि नंतर स्वतःवरच चिडले.

ही गोष्ट पन्नास ते साठ या सालांमधली. आम्ही तिघी पुण्यातल्या मुलींच्या शाळेत होतो. कमल कवायतीची बाई, तिचा भाऊ पलटणीत, दूर कुठंतरी सरहद्दीवर. सुमती गायनाची, तिचं माहेर नागपूरकडे; चार दिवसांच्या सुट्टीत जाऊन येणं व्हायचं नाही. मला तर आईवडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि भाऊ मुळातच नाही. दिवाळीत तिघींनी तीन खोल्यांत एकेकटीनं चकल्या चावत बसण्यापेक्षा कुठंतरी जाऊ, असं कमलनं काढलं. तीन बिनलग्नाच्या बायका दिवाळीत हॉटेलात जाऊन राहणार हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत बऱ्याच भुवया वर गेल्या. आम्ही त्या तशाच वर राहू दिल्या आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गाडीत बसलो.

हॉटेल म्हणजे धरण बांधताना साहेबलोकांसाठी उठवलेला बंगला. काळा दगड, लांबलचक व्हरांडा, ओळीनं आठ खोल्या, दिवाणखान्यात साहेबांच्या नाचासाठी घातलेली सागवानी जमीन. साहेब गेल्यावर मुंबईच्या एका शेठनं तो घेतला आणि त्याचं हॉटेल केलं. भिंतीवर मोठमोठ्या पाहुण्यांच्या तसबिरी होत्या, सगळ्या मिशा आणि टोप्या. त्या सगळ्यांना मॅनेजरांनी जेवू घातलं होतं. ते धरणाच्या कामापासून तिथंच होते. त्यांचं स्वतःचं गाव व्हरांड्यातून दिसायचं, म्हणजे जिथं ते होतं ती जागा दिसायची. तिथं आता पाणी होतं, दोन डोंगरांच्या मध्ये भरलेलं, दिवाळीत अगदी काठोकाठ.

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ते गाडीच्या दाराशीच उभे होते. कमल उतरली, सुमती उतरली, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी सगळ्यांत शेवटी. मला बघून ते एक पाऊल पुढं आले आणि म्हणाले, "लई उशीर केलास गं."

मला वाटलं, आपल्या मागून कुणी उतरतंय. मागं कुणी नव्हतं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातली वळकटी घेतली आणि आवाज बदलून म्हणाले, "गाडीला उशीर झाला म्हनतो मी, बाई. चला." त्यानंतर ते गाडीत चढले, आतली सगळी बाकं बघून आले, आणि मग आमच्याबरोबर निघाले.  वाटभर सुमतीनं माझा पदर धरला होता.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. कुठलाही पाहुणा हॉटेल सोडून निघाला की ते त्याच्या हातात पत्ता घातलेलं कोरं कार्ड ठेवत, पोचल्याचं पत्र टाकायला. आपल्याकडे घरचं माणूस गावाला गेलं की तसं पत्र येतंच, पण हॉटेलवाल्याला कोण कशाला लिहील? यांना मात्र ते लागायचंच. आठ दिवसांत आलं नाही तर दुसरं कार्ड जायचं, मग तिसरं. एका पाहुण्याला तर तार गेली होती, "पोचलात का?" त्या बिचाऱ्याच्या घरात तार आली म्हणून रडारड झाली. आलेली कार्डं त्यांनी तारेत ओवून कचेरीत टांगली होती. छतापासून जमिनीपर्यंत नुसतं "सुखरूप पोचलो, सुखरूप पोचलो." वाऱ्यानं ती हलली की पाल्यावर कुणी चालतंय असा आवाज व्हायचा. कमल म्हणाली, "ह्या माणसाला शाळेच्या हजेरीला बसवा, एक मुलगी दांडी मारणार नाही." आम्ही हसलो. ते ऐकत होते, पण हसले नाहीत.

व्हरांड्याच्या टोकाची आठवी खोली ते कुणालाही देत नसत. तिला कुलूप. पण पाडव्याला सकाळी आमच्या तिघींच्या दारांशी उटणं, तेल आणि कढत पाण्याची घंगाळं आली, तसं एक घंगाळ त्या कुलपापुढंही ठेवलं गेलं. मी म्हटलं, चुकून ठेवलं असेल. मी व्हरांड्यात केस विंचरत बसले होते, मॅनेजर माझ्यासमोर उभे राहून रांगोळीच्या डब्या मांडत होते. हुसेनभाई म्हणजे तिथले खानसामा, ते स्वयंपाकघरात, त्यांच्या पातेल्यांचा आवाज येत होता. कमल आणि सुमती न्हाणीघरात. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं तर आठव्या दाराशी घंगाळ रिकामं होतं आणि फरशी उंबऱ्यापर्यंत ओली. मी उठून गेले. घंगाळ उलटं करून उजेडात धरलं. भोक नव्हतं. मॅनेजरांनी रांगोळीतून मान वर न करता विचारलं, "पानी पुरलं का?" मी म्हटलं, "कुणाला?" त्यांनी पुढची डबी उघडली. आजवर मी ह्या गोष्टीचा हिशेब मांडायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, तो काही जुळलेला नाही.

हुसेनभाई पौडचे, बोलण्यात आमच्यापेक्षा अस्सल मावळी. दुपारी अनरसे तळता तळता त्यांनी मला सगळं सांगितलं.

"त्यांची धाकटी बहीन, मुठ्याकडं दिल्याली. डोंगर वलांडला की खिंडीतनं हितं. दर दिवाळीला ह्ये मुराळी जायाचे तिला आनाया. पानी भरलं त्या सालची दिवाळी, त्या वक्ताला हितं सायबाचं पावनं आलतं, चार दीस नाचगानं. ह्यास्नी सुट्टी गावली न्हाई. ती बाय एकलीच निघाली सासरहून. पोरीला गोवर आलता, म्हून पोर सासूपाशी ठिवली. सांच्याला पोचते म्हनून निघाली, ती काय पोचली न्हाई बगा."

"मग शोधलं नाही कुणी?"

"शोदलं की. सासरच्यांनी म्हटलं, पळून गेली. आजारी पोर टाकून गेली, म्हंजी कायतरी असंलच. ती पोर आता चाळिशीला आली. तिला अजून पळपुटीची पोर म्हनत्यात. तिची लगीनं मोडली दोन. एका बिजवराला दिली शेवटी."

"आणि मॅनेजर?"

"ते म्हनत्यात, वाटंत हाय. जुनी वाट पान्याखाली गेली, आता गाडीनं यील. आज पस्तीस वर्सं झाली, एका बी बाईकडनं ओवाळून घेत न्हाईत भाऊबीजंला. म्हनत्यात, माजी बहीन येनार हाय, दुसऱ्या कुनी कशाला?"

मला त्या वेळी त्या माणसाची दया आली. ती फार टिकली नाही, कारण त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत ती पोर आली. पोर कसली, माझ्यापेक्षा मोठी बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, खिंड चढून उतरून आल्यामुळं पाय धुळीनं भरलेले. ती व्हरांड्यात चढली नाही. खाली अंगणात उभी राहून म्हणाली, "मामा, आयचं काय कळलं का?"

मॅनेजर पायरीवर उभे होते. म्हणाले, "वाटंत हाय. यील."

"थोरलीचं लगीन काढलंय. लोक इचारत्यात, आजी कुटं हाय. काय सांगू?"

"येनार हाय म्हनून सांग."

त्यांनी फराळाची पुरचुंडी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पाण्याकडे एकदा पाहिलं आणि आली तशी खिंडीच्या वाटेला लागली. एवढंच बोलणं. दर दिवाळीला ती येते आणि एवढंच बोलून जाते, असं हुसेनभाई म्हणाले. तिच्या मुलीचं लग्न त्या एका प्रश्नावर अडलं होतं. आई मेली असं कुणी सांगितलं असतं तरी ती सुटली असती. कमल म्हणाली, "हा माणूस खुळा नाही, दुष्ट आहे." मला ते पटलं.

भाऊबीजेला दिवसभर पाण्यावरून धुकं हललं नाही. समोरचा डोंगर दुपारी बारा वाजताही दिसत नव्हता. हॉटेलाच्या खाली जुना गाडीरस्ता होता, गावाकडे जाणारा. तो उतरत उतरत थेट पाण्यात शिरायचा. काठाशी पाणी इतकं नितळ, की आत चार-सहा हात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दिसत, मग दिसेनाशा होत. तिथं अर्धा बुडालेला मैलाचा दगड होता, बाजूला करवंदीची जाळी. गाडी बघून आले, घड्याळ सुरू केलं, की मॅनेजर त्या दगडापाशी जाऊन बसत. रोज.

त्या दिवशीही गाडीनं कुणी आलं नाही. त्यांनी लंबक सोडला आणि खाली गेले. मी तबक तयार केलं. भाऊ नसलेल्या मुलीनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, हे आईनं मला लहानपणापासून लावून दिलेलं. बाकी देवाधर्माचं मी फार करत नाही, हे मात्र चुकवलं नव्हतं. बीजेची कोर पश्चिमेला दिसते आणि थोड्या वेळात मावळते, आणि हॉटेलातून पश्चिम मोकळी दिसायची ती फक्त त्या रस्त्याच्या टोकाला. म्हणून निरांजन पदराआड धरून मी खाली उतरले. कमल आणि सुमती मागून आल्या.

कोर दिसत नव्हती. धुक्यात सगळं एकाच रंगाचं झालं होतं. मी बराच वेळ उभी राहिले. निरांजनातलं तूप संपत आलं. आणि समोर हा माणूस दगडापाशी बसलेला, बहिणीची वाट बघत. मला एकदम रागच आला. त्या चाळिशीच्या बाईचे धुळीचे पाय डोळ्यांपुढून हलत नव्हते. वर्गात मुलीला फळ्यापाशी बोलवावं तशा आवाजात मी म्हटलं, "टोपी घाला. मी ओवाळते तुम्हाला."

"न्हाई बाई. माजी बहीन—"

"वाटेत आहे, माहीत आहे मला. ती येईपर्यंत तिच्या वतीनं. बसा सरळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, खांद्यावरून मागं नाही, माझ्या तोंडाकडे. मग खिशातून टोपी काढून घातली आणि पूर्वेकडे तोंड करून बसले. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि आईची अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. त्यांच्या कपाळाला बोट लागलं तेव्हा ते गार होतं, भिजल्यासारखं.  ओवाळून झाल्यावर त्यांनी कमरेचा कसा सोडला, त्यातून चिंधीची गाठ काढली, दातांनी सोडवली आणि तबकात ओवाळणी घातली.

दोन जोडवी. चांदीची, काळी पडलेली.

सुमती मागं सरकली, तिच्या बांगड्या वाजल्या. लग्न झालेल्या बाईच्या पायांतली जोडवी तिच्या हयातीत उतरत नाहीत. ती दुसऱ्या कुणाच्या कनवटीला असतील तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो कळायला मला गणिताची गरज नव्हती.

"कुठं सापडली?" मी विचारलं.

"हितंच. उताराशी." नदी पायी ओलांडायच्या जागेला ते उतार म्हणत. "म्या सांगावा धाडला, मला येता येत न्हाई, तूच ये. पानी चढलंय, वरल्या वाटंनं ये, ह्ये सांगायचं ऱ्हायलं. सायबाच्या पावन्यास्नी वाढत हुतो. ती आपली नेहमीच्या उतारानं आली. दुसऱ्या दिवशी फटफटल्यावर मला गावली." त्यांनी करवंदीच्या जाळीकडे हात केला. "तितं ठिवलीय. म्या एकट्यानंच."

आम्ही तिघी त्या जाळीपासून चार हातांवर उभ्या होतो. कमलसारखी धीट बाई, पण तिनं माझा दंड धरला.

"मग रोज गाडीला कुणाला बघायला जाता?"

"तिलाच."

"ती तर इथं आहे."

"व्हय. पर ती येते म्हून निघाली, बाई. अजून पोचली न्हाई."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. पाण्यातल्या चाकोऱ्यांकडे बघायची मला भीती वाटली. कुणी त्यातून वर चालत येईल अशी नव्हे. कुणीतरी तिथं कधीची उभी आहे आणि आपणच तिला वर घेत नाही आहोत, अशी.

"भाचीला का नाही सांगितलंत? काल तुमच्यापुढं उभी होती ती."

"सांगितलं असतं तर ही मेली असती."

"ती मेलेलीच आहे हो."

"तुमी म्हनताय," ते म्हणाले.

मला रडू येत होतं आणि त्यांना मारावंसंही वाटत होतं. मी जोडवी उचलली आणि त्यांच्या हातात परत ठेवली. ओवाळणी परत करू नये म्हणतात, पण मी केली. "ही मला नकोत. ही तुमच्या भाचीची आहेत, तिला नेऊन द्या. तिच्या आईनं तिला टाकली नाही, एवढं तिच्या तोंडावर सांगा. ही माझी ओवाळणी. बहीण मागते आहे, भाऊ असाल तर द्याल."

"काय तोंड घिऊन जाऊ?"

"आहे ते घेऊन जा."

त्यांनी मूठ मिटली. आम्ही वर आलो. ते आले नाहीत.

सकाळी सामान बांधून आम्ही फाट्यावर गेलो. मला वाटलं होतं, ते आता तोंड दाखवणार नाहीत. पण ते आधीच येऊन उभे होते, धुतलेलं धोतर, काळा कोट, हातात फराळाची दुरडी, वर नवं लुगडं घडी करून ठेवलेलं. मुराळी निघतात तसे. पस्तीस वर्षांत ते त्या फाट्यापलीकडे गेले नव्हते, असं हुसेनभाई आमच्या पिशव्या खाली ठेवता ठेवता म्हणाले. भाचीनं पुढं काय केलं तेही मला हुसेनभाईंच्याच पत्रातून कळलं. तिनं आधी दार लावून घेतलं. दोन दिवस हा माणूस तिच्या अंगणात बसून होता. तिसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं, जोडवी घेतली, गावाला बोलावून आईचं दिवसकार्य केलं. थोरलीचं लग्न त्याच माघात झालं. मामाला तिनं ओसरीवर राहू दिलं, दोन वेळा ताट वाढलं, पण तो मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. तिला कोण नावं ठेवील? मी ठेवणार नाही.

त्या सकाळी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. गाडीत आम्ही त्यांच्या मागच्या बाकावर बसलो. कंडक्टर त्याच बाजूचा, त्यांना ओळखणारा. मुठ्याची वाट पिरंगुटहून फुटते. मॅनेजर म्हणाले, "पिरंगुट. दोन द्या."

"दोन? दुसरं कोन हाय?"

"बहीन हाय."

कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, दुरडीकडे बघितलं, आणि दोन तिकिटं फाडून दिली. मॅनेजर बाकाच्या कडेला अंग चोरून बसले, खिडकीकडची जागा मोकळी सोडून. पौडला बाजाराची माणसं चढली, गाडी भरून गेली. एक पागोटेवाला त्यांना ओलांडून खिडकीपाशी टेकला आणि लगेच उठला. धोतर मागून चाचपत म्हणाला, "ओलं हाय हितं." आणि दांडी धरून उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता पिरंगुटपर्यंत बसून राहिलो.

पिरंगुटला मॅनेजर उतरले. दुरडी खाली ठेवली, वळले, आणि दाराच्या पायरीशी हात पुढं धरून थांबले. मागं उतरायला कुणी नव्हतं. गाडीतली माणसं कुरकुरायला लागली. कंडक्टर घंटीच्या दोरीवर हात ठेवून उभा होता, पण त्यानं दोरी ओढली नाही.

"बाई उतरल्या का?" त्यानं विचारलं.

मॅनेजर पायरीकडे बघत होते. जरा वेळानं त्यांनी हात मागं घेतला, दुरडी उचलली.

"उतरली," ते म्हणाले. "जाऊ द्या गाडी."